व्यवसाय : विद्यार्थिनी

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक लांबट खोली आहे. पलीकडे दिवसभर मशिनं घरघरतात आणि मधल्या भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. त्या खोलीत ती बसायची. कागदोपत्री तिच्या पदाचं नाव होतं 'सहायक, पादत्राण विभाग'. पण विभागही तीच आणि सहायकही तीच, त्यामुळे सगळं हॉस्पिटल तिला बूटबाई म्हणे. नव्या डॉक्टरांना ते तिचं आडनाव वाटायचं. एकानं तर चिठ्ठीवर 'श्रीमती बूटबाई यांस' असं लिहून पेशंट पाठवला होता. ती चिठ्ठी तिनं वर्षभर खिळ्याला टांगून ठेवली.

साधे बूट ती करत नसे. एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड असलेला माणूस, जन्मतः पाऊल आत वळलेली पोर, साखरेच्या आजारानं तळव्यांची जाणीव गेलेली म्हातारी, अशांचे बूट ती करायची. त्या आजारात खडा टोचला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते आणि मग पाय कापायची पाळी येते. हाडांच्या डॉक्टर मॅडमनी 'जरा खाली बूटबाईंकडे जाऊन या' म्हटलं की तो पाय बहुतेक वाचला, असं वॉर्डातल्या नर्सा धरून चालत.

ही विद्या तिच्याकडे बापाकडून आली. बापाचं बूटदुरुस्तीचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोर होतं. दुकान कसलं, पाठ भिंतीला टेकली की गुडघे रस्त्यावर. एकदा अपघातात पाय आखूड झालेला एक माणूस आला आणि म्हणाला, एका बुटाची टाच वाढवून द्या. बापानं त्याला चार दिवस समोरच्या फुटपाथवर चालायला लावलं, नुसती चाल बघितली आणि मग टाच वाढवली, शिवाय तळ आतून भरला. तो माणूस सरळ चालत डॉक्टरांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर चालत बापाकडे आले. तिथून हे काम सुरू झालं. ती आठवीत असताना बापाची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येईना. शाळेतून आली की ती दोरा ओवून द्यायची. मग टाके घालायला लागली. मग शाळाच राहिली. तिनं बापाला कधी बोल लावला नाही. 'शाळेनं मला आठ वर्षं शिकवलं, बाबांनी अकरा,' एवढंच म्हणायची.

पंचविसाव्या वर्षी तिला हॉस्पिटलात घेतलं. तोवर लग्न झालेलं होतं. नवरा शहर बसवर ड्रायव्हर. एकतिसाव्या वर्षी, मुलगी मांडीवर असताना, तिनं बाहेरून दहावी केली. चौतिसाव्या वर्षी बारावी. पुढे पोस्टानं धडे येणारा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम. दर वेळी नणंद विचारायची, 'वहिनी, आता हे आणखी कशाला?' आणि ती म्हणायची, 'सवय लागलीय हो.'

खरं दुखणं वेगळंच होतं. सहा वर्षांत तिनं चार मुलींना हाताखाली घेऊन तयार केलं होतं. पायाचं माप घेणं, साचा करणं, चामडं कापणं, तळ उकरणं, सगळं. चौघींचे हात बसले तशी हॉस्पिटलनं त्यांना प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं, आणि नियम आडवा आला. शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली मान्य पदविका पाहिजे. तशी पदविका देशात कुठं मिळतच नव्हती. शेवटी कुठलीही पदविका चालेल असं ठरलं आणि ती असलेला एक माणूस सापडला, तो सामानाच्या गोदामाचा अधिकारी. त्यानं चारही कागदांवर सही ठोकली. आयुष्यात त्यानं चामडं कापायची रापी हातात धरली नव्हती.

चौघींतली थोरली कागद घेऊन खाली आली. 'बाई, मागच्या बाजूला तुम्ही पण सही करा ना,' ती म्हणाली.

बाईनं केली. मुलगी खूश होऊन गेली. बाई मात्र त्या दिवशी एकच शिवण तीनदा उसवून पुन्हा घालत बसली.

त्याच वर्षी परदेशातल्या एका कॉलेजातून एक प्राध्यापिका पाच दिवसांसाठी हॉस्पिटलात आली. तिसऱ्या दिवशी मॅडम तिला तळघरात घेऊन आल्या. प्राध्यापिकेनं फळीवरचा एक बूट उचलला, आत हात घातला, आणि बराच वेळ हात बाहेरच काढला नाही. मग विचारलं, 'हे कुठं शिकलात?'

'बाबांकडे,' ती म्हणाली. मॅडमनी तेच इंग्रजीत सांगितलं.

जाताना प्राध्यापिका म्हणाली की आमच्याकडे चौदा महिन्यांची पदविका आहे. बारावी आणि कामाचा अनुभव असला की प्रवेश मिळतो, आणि अशा एखाद्या विद्यार्थ्याला दरवर्षी फी माफ करतात. मॅडमनी ते वाक्य पकडून ठेवलं. पाहुणी विमानात बसली नसेल तोच त्या खाली आल्या.

'बाई, अर्ज भरा.'

'मॅडम, माझी मुलगी कॉलेजात आहे.'

'मग तिला मदतीला घ्या.'

घरी तिनं विषय काढला तेव्हा नवरा बूट काढत होता. तो एक पाय हातात धरून तसाच थांबला. 'चौदा महिने?' त्यानं विचारलं. 'अगं, मग माझा डबा?' आणि तिनं उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, 'डबा मी करीन. तुझ्यासारखा होणार नाही, पण बस काय डब्यावर चालते?'

इंग्रजीच्या परीक्षेनं नाकी नऊ आणले. वाचणं, लिहिणं कसंबसं जमलं, पण कानाला हेडफोन लावून ऐकायच्या भागात ती पहिल्यांदा सपशेल आपटली. एक वाक्य कळलं नाही की त्याच्या मागे धावता धावता पुढची चार निसटायची. मुलीनं तिला एकच गोष्ट शिकवली. 'आई, गेलेली बस सोडून द्यायची. पुढची पकड.' आपला धंदा मुलीच्या उपमेत उतरला म्हणून नवऱ्याला काय आनंद झाला. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. कॉलेजचं प्रवेशपत्र आलं. राहायचा खर्च हॉस्पिटलच्या एका निधीतून मंजूर झाला. आता राहिला फक्त व्हिसा.

फक्त व्हिसा, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

नणंदेच्या ओळखीचा एक एजंट होता. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतीभर विमानांची चित्रं, आणि टेबलामागे डोळ्यांवर केस येणारा एक तरुण. 'काकू, तुम्ही काळजीच सोडा,' तो म्हणाला. 'आपल्याकडे सगळं तयार असतं.' सगळं म्हणजे खरोखरच सगळं तयार होतं. अर्ज होता, आणि 'मला हे शिक्षण का घ्यायचं आहे' असं व्हिसा अधिकाऱ्याला सांगणारं दोन पानी पत्रही होतं. तिनं विचारलं, 'हे मी नको का लिहायला?' तो हसला. 'काकू, तुम्ही बूट करा, आम्ही पत्रं करतो. ज्याचं काम त्यानं करावं.' हे तिला पटलं, कारण ती स्वतः आयुष्यभर तेच म्हणत आली होती. जिथं जिथं पेन्सिलीनं फुली मारली होती तिथं तिथं तिनं सही केली.

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. नवऱ्याची पाळी दुपारची होती, म्हणून तो घरीच होता. मुलीनं पाकीट फोडलं, वाचलं, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं. तेव्हाच बाईला कळलं.

'नाही म्हणाले?'

'नाही म्हणाले.'

'कारण?'

मुलगी अडखळली. 'लिहिलंय की या वयात, या कामात असताना हे शिक्षण तुला का हवंय ते पटलेलं नाही. शिक्षण झाल्यावर तू परत येशील याची खात्री वाटत नाही. आणि...'

'आणि काय?'

'आणि तू खरी विद्यार्थिनी आहेस असं वाटत नाही.'

पहिली दोन कारणं तिनं ऐकून घेतली. तिसरं लागलं. वयाला वय म्हणाले तर वाईट वाटायचं कारण नव्हतं. आरशात तेच दिसत होतं. पण विद्यार्थिनी नाही? एकतिसाव्या वर्षी कडेवर पोर आणि हातात भूमिती घेऊन ती परीक्षेला गेली होती. ती उठून आत गेली आणि घासून ठेवलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

नवरा मागोमाग गेला. दारात उभा राहून म्हणाला, 'मला लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. आज सव्वीस वर्षं बस चालवतोय. ज्यानं नापास केलं तो साहेब रिटायर झाला त्या दिवशी माझ्याच बसनं घरी गेला.'

'मग?'

'मग काय. त्याला नीट उतरवलं. तिसऱ्यांदा पास त्यानंच केलं होतं ना.'

तिला हसायचं नव्हतं, पण ती हसली.

नणंद संध्याकाळी येऊन 'जाऊ दे वहिनी, हात दाखवून अवलक्षण झालं' असं सांत्वन करून गेली. मॅडम दुसऱ्या दिवशी खाली आल्या आणि म्हणाल्या, 'अर्जाची प्रत आहे का? मला दाखवा.' मुलीनं प्रत आणून दिली. मॅडमनी एजंटनं लिहिलेलं पत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि आपोआप त्याचं भाषांतर करत गेल्या. 'लहानपणापासून मला आपल्या महान देशाच्या संस्कृतीची ओढ आहे. फॅशनच्या दुनियेत स्वतःचं नाव करावं, नवनव्या आकर्षक पादत्राणांच्या डिझाइनमध्ये...'

मॅडम थांबल्या. 'बाई, तुम्ही फॅशन कधी करायला लागलात?'

तळघरातल्या चारही मुली माना खाली घालून हसू दाबत होत्या. बाईच्या तोंडचं मात्र पाणी पळालं. त्या पत्रात बूट होते, पण एकही पाय नव्हता. कुणा तरी विशीतल्या फॅशनवाल्या पोरीचं पत्र, फक्त नाव आणि वय बदललेलं. ते वाचून अधिकाऱ्यानं आणखी काय लिहावं? ती म्हणाली, 'मॅडम, त्या अधिकाऱ्यानं खोटं नाही लिहिलं. ह्या पत्रातली बाई खरंच विद्यार्थिनी वाटत नाही. चूक माझी आहे. दुसऱ्यानं बांधलेला बूट मी न घालून बघता पायात चढवला.'

'मग आता?'

'आता मापं मी घेते.'

तिच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात बावीस वर्षांचे पाय होते. पेशंट आला की ती त्याला कागदावर उभं करायची आणि पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढायची. आत बारीक अक्षरात लिहायची: इथं दुखतं, इथं जखम, इथं वजन जास्त पडतं. दहा महिन्यांनी बूट झिजले की तोच माणूस पुन्हा यायचा, पुन्हा कागद, पुन्हा रेघ. अडीच हजारांच्या वर कागद होते. बदलून आलेल्या एका साहेबानं एकदा ते रद्दीत काढायला सांगितले होते, तेव्हा ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली होती.

रविवारी मुलीला घेऊन ती खोलीत गेली आणि दोघींनी मिळून एका शिक्षिकेचे अकरा वर्षांतले कागद वेगळे काढले. पहिल्या कागदावर अंगठ्याखाली मोठी जखम. दुसऱ्यावर लहान. तिसऱ्यावर जखम बंद, पण टाचेकडे नवी खूण. चौथ्यावर तीही गेलेली. मग सलग नऊ कागद कोरे, नुसती पावलाची रेघ. ती बाई अजून दोन्ही पायांवर वर्गात उभी राहून शिकवत होती.

'हेच पाठवायचं,' ती मुलीला म्हणाली. 'आणि पत्र मी आपल्या भाषेत सांगते. तू इंग्रजीत कर. पण माझ्यात भर घालायची नाही.'

पत्र लिहायला नऊ दिवस लागले. मायलेकींचं भांडण झालं ते एका शब्दावरून. मुलीनं 'मी या क्षेत्रातली तज्ज्ञ आहे' असं लिहिलं होतं. बाई म्हणाली, 'तज्ज्ञ असते तर शिकायला कशाला गेले असते? काढ ते.' मुलगी म्हणाली, 'आई, थोडं स्वतःबद्दल चांगलं बोलायला काय होतं?' बाईनं विचार केला. 'बरं, मग लिही: मला हाताला कळतं ते तोंडानं सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून शिकायचंय.' मुलीनं ते जसंच्या तसं लिहिलं.

सोबत मॅडमचं पत्र जोडलं. जागा राखून ठेवली आहे, परत आल्यावर बाई विभागाच्या प्रमुख होतील, आणि त्यांच्या हाताखाली दरवर्षी सहा जण शिकतील, असं त्यात लिहिलं होतं. या खेपेला अर्ज भरून द्यायला ती स्वतःच व्हिसा केंद्रात गेली. टोकन, रांग, फोटो, सगळं सुरळीत झालं आणि बोटांच्या ठशांपाशी घोडं अडलं. काचेच्या चौकोनावर चार बोटं ठेवायची होती. ठेवली. खिडकीतली मुलगी म्हणाली, 'नीट पुसा हो.' पुसली. 'दाबून ठेवा.' दाबली. मशीन लाल दिवा लावून बसलं.

'तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत,' मुलगी शेवटी वाकून बघत म्हणाली.

'मेणाचा दोरा ओढून गेल्या,' बाई म्हणाली. 'तेहेतीस वर्षं झाली.'

मागच्या रांगेतली, एकूण एक विशीतली मुलं, माना वाकवून तिच्या बोटांकडे बघत होती. तिला संकोच वाटायला हवा होता. पण तिनं हात चांगले उताणे करून धरले, बघायचे तेवढे बघा म्हणून. खिडकीतली मुलगी उठली, कुठून तरी मलम आणलं, आणि तिचं एकेक बोट चोळून स्वतः काचेवर ठेवू लागली. सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला.

तीन आठवड्यांनी मुलाखतीला बोलावणं आलं. दुभाषा मिळेल असं पत्रात लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, घे. बाई म्हणाली, 'तिथं जाऊन इंग्रजीत शिकणार म्हणते आणि इथं दुभाषा घेऊ?'

अधिकारी जाड काचेच्या पलीकडे बसला होता, खाली छातीपर्यंत लाकडी कठडा. तिची जन्माची सवय अशी की समोर माणूस आला की आधी त्याचे बूट बघायचे. टाच कुठल्या बाजूला झिजलीय त्यावरून माणूस घाईतला की निवांत, थकलेला की रुसलेला, हे तिला बसल्या जागी कळायचं. इथं काही दिसत नव्हतं. नुसता चेहरा, तोही कोरा. तिला क्षणभर हातात काही नसल्यासारखं वाटलं.

'तुमचं वय सत्तेचाळीस,' तो इंग्रजीत म्हणाला.

'हो.'

'वर्गातले बाकीचे विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचे असतील.'

'मी त्यांना त्रास देणार नाही,' ती म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. तो हसला नाही, पण त्यानं मान वर केली.

'तुम्ही बावीस वर्षं हे काम करताय. तिथं नवीन काय शिकणार?'

या प्रश्नाला मुलीनं चार मुद्द्यांचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. चारपैकी एकही आठवेना. तिनं पिशवीतून शिक्षिकेच्या पावलाचा पहिला कागद काढला आणि काचेला लावून धरला.

'ही जखम,' ती म्हणाली. शब्द शोधत, एकेक खाली ठेवत. 'इथं बुटाचा तळ मी उकरला. जखम भरली. किती उकरला? माझ्या अंगठ्याला कळलं तेवढा. आता माझ्याकडे मुली शिकतात. त्या विचारतात, बाई, किती? मी काय सांगू? त्या कॉलेजात पायाचा दाब मशिननं मोजतात, आकडा येतो. अंगठा मला दुसऱ्याला देता येत नाही. आकडा देता येतो.'

अधिकाऱ्यानं काही तरी लिहिलं. मग एक लांबलचक प्रश्न विचारला, आणि त्यातलं तिला अक्षर कळलं नाही. हेडफोनवाल्या परीक्षेत अशा वेळी थांबवून विचारायची सोय नव्हती. इथं मात्र समोर माणूस होता, आणि माणसाला विचारता येतं. 'कृपा करून पुन्हा सांगा,' ती म्हणाली. 'सावकाश.'

त्यानं सावकाश सांगितलं. 'शिक्षण संपल्यावर तिथंच चांगली नोकरी मिळाली तर काय कराल?'

'मिळणार नाही म्हण' असं मुलीनं बजावलं होतं. पण ती म्हणाली, 'मिळाली तर मला फार आनंद होईल. घरी सगळ्यांना सांगेन. पण घेणार नाही.'

'का?'

'माझे बूट दहा महिन्यांत झिजतात. चौदा महिनेच जास्त आहेत. वरचे चार महिने मुली सांभाळतील, पण त्यांचंही मला आत्ताच टेन्शन आलंय.'

या वेळी तो हसला. थोडंसंच, पण काचेतून दिसलं. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, 'कसं झालं?' ती म्हणाली, 'व्हिसा मिळेल न मिळेल. पण आत जी बाई बोलली ती मीच होते.'

सतरा दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत एका पानावर व्हिसा चिकटवलेला होता. तिचा फोटो, तारखा, आणि 'विद्यार्थी' असा शब्द.

तिनं तो कुणालाच दाखवला नाही. तशीच उठून बापाकडे गेली. बाप आता ऐंशीच्या घरात होता, तिच्या थोरल्या भावाकडे राहायचा. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तिनं पासपोर्ट उघडून त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं व्हिसावरून अंगठा फिरवला, चारी कडांवरून, कोपऱ्यांवरून.

'चिकटवलाय चांगला,' तो म्हणाला. 'कड कुठं उचललेली नाही. काय लिहिलंय?'

'विद्यार्थी.'

तो पासपोर्ट मिटवून पोटाशी धरून बसला. मग म्हणाला, 'तुझी शाळा माझ्यापायी सुटली.'

'बाबा, मी कधी तसं म्हटलं का?'

'तू नाही म्हटलंस. म्हणून तर जास्त.' त्यानं पासपोर्ट तिच्या दिशेनं पुढे केला. 'जा. आणि तिथं काही चुकीचं शिकवायला लागले तर गप्प बसू नकोस. सांग, आमच्याकडे असं करत नाहीत.'

घरी आल्यावर बातमी फुटली. नवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवसापासून चौदा नंबरच्या बसमध्ये जो कोणी ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर बसेल त्याला, हॉस्पिटलचा थांबा येईस्तोवर, एका बूटबाईची कहाणी ऐकावी लागे. नणंदेनं एक जाड स्वेटर आणून दिला आणि म्हणाली, 'वहिनी, मी तर पहिल्यापासूनच म्हणत होते.' काय म्हणत होत्या ते बाईनं विचारलं नाही. स्वेटर उबदार होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिनं चौघी मुलींना कपाटाची किल्ली दिली आणि प्रत्येकीला वेगवेगळे पेशंट वाटून दिले. थोरलीला शिक्षिका दिली. विमानात एक छोटा फॉर्म भरायला मिळाला. नाव, पत्ता, मुक्काम किती दिवस. 'व्यवसाय' या रकान्याशी तिचं पेन जरा रेंगाळलं, कारण आजवर तिथं तिनं नेहमी दुसरंच काही लिहिलं होतं. मग ठसठशीत अक्षरात लिहिलं. उतरल्यावर खिडकीतल्या माणसानं तिच्याकडे पाहून सवयीनं विचारलं, 'मुलांना भेटायला आलात?'

'नाही,' ती म्हणाली. 'मी शिकायला आले आहे.'

त्यानं पान उघडलं, वाचलं, शिक्का मारला. बस्स, एवढंच. तिनं पाठ केलेली सगळी उत्तरं तशीच शिल्लक राहिली. रांगेतल्या मागच्या माणसानं हळूच 'जाऊ का?' विचारलं तेव्हा ती बाजूला झाली.

ते चौदा महिने सोपे गेले असं कोण म्हणेल? पहिले दोन महिने तिला निम्मंच कळायचं. थंडीनं बोटं आखडायची. गणिताच्या तासाला शेजारचा तेवीस वर्षांचा मुलगा तिला आकडेमोड समजावून सांगायचा आणि कामाच्या तासाला तोच आपलं चामडं घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. एकदा खरंच एका शिक्षकानं टाचेचा कोन वेगळा सांगितला. तिनं हात वर केला. मशिनवर मोजून पाहिलं तेव्हा दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर निघालं. ही गोष्ट तिनं फोनवरून बापाला सांगितली, तर बाप म्हणाला, 'निम्मं? नीट मोजायला सांग.'

ती वर्गात चौथी आली. परत आली तेव्हा सामानात दाब मोजायचं एक जुनं मशीन होतं. कॉलेजनं नवं घेतलं म्हणून हे तिला दिलं होतं. त्याची जागा कोमट भिंतीला लागून केली. नव्या तुकडीच्या प्रमाणपत्रांवर आता सही तिची असते. ती करताना ती दार लावून घेत नाही, सगळ्यांसमोर करते, आणि सावकाश करते.

मध्यंतरी एका सकाळी दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात अर्ज, अंगात इस्त्रीचा शर्ट. शिंप्याचं दुकान होतं म्हणाले, बंद पडलं. 'नव्या तुकडीच्या जाहिरातीत वयाची अट दिसली नाही. म्हणून म्हटलं, चुकून राहिली असेल, विचारून यावं.'

'चुकून नाही राहिली,' ती म्हणाली.

'मी त्रेपन्नचा आहे.'

'बसा ना. उभे का?'

ते बसले. तिनं त्यांच्यापुढे चामड्याचा एक तुकडा, सुई आणि मेण लावलेला दोरा सरकवला. कापड शिवणारा हात चामड्यावर बावचळतो, तसाच त्यांचाही बावचळला. पहिला टाका वाकडा गेला. त्यांनी तो स्वतःहूनच उसवला, तुकडा उजेडाकडे धरला आणि पुन्हा सुरुवात केली. बाईनं स्टूल ओढलं आणि दुसरा टाका बघायला ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.